छातीवरची पाटी

म्हातारीचा पाय विहिरीच्या ओल्या पायरीवर सटकला, मनगट मोडलं आणि दोरवाल्याच्या घरचं चाक बंद पडलं. वेळ साधून पडली म्हणायची. कारण त्याच आठवड्यात नावाडी नवा दोर सांगून गेला होता. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोर धरून तो आपली सपाट नाव माणसांसकट ओढत न्यायचा. जुना दोर आता पार विरला होता आणि वरच्या अंगाने पाणी यायच्या आत नवा हवा होता.

"सांधा नको," नावाडी बजावून गेला. "एकसंध पाहिजे. सांध्यावर माझा जीव टांगून मी नाव ओढणार नाही."

दोर वळायची वाट घरामागे होती. लांबलचक, सपाट, पायांनी घासून गुळगुळीत झालेली. एका टोकाला छपरीखाली चाक आणि चाकाला जोडलेला लोखंडी आकडा. चाक फिरलं की आकडा फिरतो. दोरवाला कमरेभोवती घायपाताच्या वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले धागे आकड्याला अडकवायचा आणि उलटा चालू लागायचा. पाऊल मागे, नजर पुढे, बोटांतून वाख सुटत जायचा आणि त्याला पीळ बसत जायचा. वाट संपली की एक पेड तयार. असे तीन पेड एकत्र पिळले की दोर. दोरवाल्याची बायको छपरीमागे बसून वाख विंचरायची. चाकावर त्याची म्हातारी आई असायची, आयुष्यभर.

आता चाकावर दुसरं कोण बसवणार? गावातली सगळी माणसं शेतात अडकलेली. एक उनाड पुतण्या आणून बघितला, तर त्याने सकाळभरात पेडाचं असं काही वेटोळं केलं की दोरवाल्याने त्याला हात जोडून घरी पाठवलं. मग उरली दोरवाल्याची पोर. दुसरीत होती. घरात, दारात, झाडाभोवती सारखी गोल गोल फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिला चाकाशी उभं केलं तर तिने पहिल्याच दिवशी पेड असा सरळ काढला की म्हातारी बाजेवरून उठून बघायला आली.

"माझाच हात आहे," म्हातारी म्हणाली. स्वतःचा हात गळ्यात बांधलेला होता, तरी.

हाड बसवणाऱ्याने मात्र दोरवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हाड जुळेल, पण हे मनगट पुन्हा चाक फिरवणार नाही. ते ऐकून दोरवाला बराच वेळ वाटेच्या कडेला वाख उगाच चिवडत बसला. दोर वळायचा तर चाकाला हात हवा, आणि घरात आता तसा एकच हात होता, सात वर्षांचा.

भिंगरी शाळेत यायची बंद झाली आणि बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. दोन खोल्यांची शाळा, पहिली आणि दुसरी बाईंकडे एकत्र. बाई नव्या होत्या, उत्साही होत्या आणि वाक्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर शब्द लिहायच्या आणि पोरांच्या हातात द्यायच्या. एकाकडे 'मांजर', एकाकडे 'दूध', एकाकडे 'पिते'. तिघांनी ओळीत उभं राहायचं आणि वाक्य व्हायचं. सगळ्यांना मांजर व्हायचं असे. दूध व्हायला कोणी तयार नसे, आणि 'पिते'वालं पोर शेवटी उभं राहायचं म्हणून रुसायचं. कोणी अर्धवट बोललं की बाई लगेच विचारायच्या, "कोण?" पोर म्हणालं 'पडला', की "कोण पडला?" पोरांनी त्यांचं नाव कोणबाई पाडलं होतं आणि ते बाईंनाही ठाऊक होतं.

भिंगरीला अक्षरं सगळी येत होती. वाचायचीही घडाघडा. पण मनचं वाक्य लिही म्हटलं की पेन्सिल हवेत थांबायची. शेवटी एकच शब्द उमटायचा. 'फिरतं.'

"काय फिरतं?" बाई विचारायच्या.

भिंगरी त्यांच्याकडे नवलाने बघायची. घरी तिला असं कधी कोणी विचारत नव्हतं. दोराच्या वाटेवर बोलणंच मुळात तीन शब्दांचं. फिरव. थांब. सोड. फिरव म्हटलं की फिरवायचं, थांब म्हटलं की थांबायचं, आणि दोर पुरा होऊन आकड्यावरून निघाला, की सोड, म्हणजे मूठ सोडायची. कोणी, काय, कुठे, हे तिथे सगळ्यांना दिसत असतं.

वर्ष संपत आलं होतं. दुसरीच्या पोरांनी शेवटच्या परीक्षेला आपल्या मनाने पाच वाक्यं लिहायची होती. जो लिहील तो तिसरीत. बाकीचे परत दुसरीत. बाई एका संध्याकाळी दोरवाल्याच्या घरी आल्या आणि हे सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

"नाही लिहिली तर?" दोरवाल्याने विचारलं.

"तर पुन्हा दुसरी."

"पुन्हा तेच करायचं, तर मग इथंच बरी आहे की, बाई. इथं निदान दोर तरी होतो."

"आणि लिहिली तर?"

दोरवाल्याने बायकोकडे बघितलं. बायको वाख विंचरत होती, तिने मान वर केली नाही. "तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला.

बाईंना तेवढंही पुरलं. त्या म्हणाल्या, दिवसा पाठवत नाही तर शाळा सुटल्यावर मी इथे येते. तिचे हात चाकावर असू देत, कान तर मोकळे आहेत. दोरवाला भिडस्त माणूस. नको म्हणवेना. "या," म्हणाला.

इथे एक गोष्ट राहून गेली. पेड चाकावर असताना चाकवाल्याशी बोलायचं नसतं. बोलायचं ते फक्त दोर वळणाऱ्याने, आणि तेही ते तीन शब्द. या घरात हे इतकं मुरलेलं होतं, की दारात आलेलं कुत्रंही तेवढ्या वेळात भुंकत नसे. पण कोणी बाहेरचा येऊन चाकाजवळ बसेल हेच कधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, त्यामुळे बाईंना ते सांगायचं कोणाला सुचलं नाही.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. चाकाच्या बाजूला उकिडव्या बसल्या. नावाड्याच्या दोराचा पहिला पेड चालू होता. दोरवाला अर्ध्या वाटेच्या पलीकडे गेलेला, मागे झुकलेला, सगळं अंग त्या एका पेडावर तोललेलं. नावाडी स्वतः काम बघायला आला होता आणि कडेला दगडावर बसला होता. भिंगरी एका हाताने चाक फिरवत होती आणि पायाच्या अंगठ्याने मातीत काही रेघोट्या काढत होती. बाईंनी वाकून बघितलं. मातीत लिहिलं होतं, 'चाक फिरतं.'

बाईंना इतका आनंद झाला की त्या ओरडल्याच. "शाबास, भिंगरी!"

भिंगरीने दचकून मान वळवली आणि तिचा हात मुठीवरून सुटला. पिळाने चाक उलटं गर्रकन फिरलं, पेड सैल पडून जागोजागी वेटोळला, आणि तिकडे मागे झुकलेला दोरवाला आधार जाऊन पाठीवर सपशेल आपटला. कमरेचा वाख तोंडावर आला. नावाडी मोठ्याने हसला. हसण्यासारखंच होतं ते, पण हसायला नको होतं.

दोरवाला उठला. मागची धूळ झटकली. हळूहळू चालत चाकापर्यंत आला. पेड हातात घेऊन त्याने बघितला आणि मान हलवली. एकसंध दोराला आता तो चालणार नव्हता. तुकडे करून गुरांच्या दाव्यांना गेला असता.

भिंगरी चाकाला चिकटून उभी होती. हात पुन्हा मुठीवर गच्च, बोटं पांढरी पडलेली. तो बाईंकडे वळला.

"बाई," तो म्हणाला, "तुमचं शिकवणं शाळेत चांगलं आहे. इथं चाक असतं."

बाईंनी पदराने चेहरा पुसला आणि त्या निघून गेल्या. म्हातारी बाजेवरून म्हणाली, "तिला सांगायचं तरी होतं कोणी."

पुढचे काही दिवस सगळं मुकाट चाललं. वाख विंचरला जायचा, नावाड्याच्या दोराचे आणि गावातल्या दाव्यांचे पेड निघायचे. नावाडी येऊन उगाच विचारून जायचा, "आज पडलास का रे?" दोरवाला ओठ मुडपून हसायचा. पाठ दुखत होती त्याची. संध्याकाळी बायको गरम पाण्याने शेकायची तेव्हा तो तोंडातून आवाज काढत नसे, पण पाठ आक्रसायची.

भिंगरी मात्र बदलली. आता ती चाक फिरवताना इकडे तिकडे बघतच नव्हती. मातीत रेघोट्या नाहीत, गुणगुणणं नाही. नजर बापावर अशी खिळलेली की पापणी लवेना. तो मागे मागे जाई आणि लहान होई, तिचे डोळे त्याच्यावरच. दोरवाल्याच्या ते लक्षात आलं. आधी बरं वाटलं. मग बरं वाटेनासं झालं. पोर घाबरून काम करत होती, आणि आपलंच पोर आपल्याकडे असं बघताना बघणं फार जड जातं.

एका दुपारी तो शाळेत गेला. अंगाला, केसांना, भुवयांना सगळीकडे वाख चिकटलेला. दारातच उभा राहिला. आत एक पोर 'बैल', दुसरं 'पाणी' आणि तिसरं 'पितो' होऊन उभं होतं. त्याने ते नीट बघून घेतलं.

"या ना दादा, आत या," बाई गडबडीने म्हणाल्या.

"नको, इथंच बरा आहे. एक विचारायचं होतं." तो घसा खाकरला. "ते शब्द असे पाटीवर लिहून द्याल का? मोठ्या अक्षरात. मी गळ्यात अडकवीन. ती तशीही माझ्याकडेच बघत असते."

बाईंनी खडू घेतला.

त्यानंतर दोरवाल्याच्या वाटेवर रोज जो प्रकार चालला तो बघायला येणारी-जाणारी माणसं थांबू लागली. दोरवाला छातीवर पाटी लटकवून उलटा चालायचा. पहिल्या पेडाला एक शब्द, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा. तो मागे जाईल तसं अक्षर लहान होत जायचं, म्हणून भिंगरीला आधीच वाचून मनात धरून ठेवावं लागे. तिन्ही झाले की ती वाक्य म्हणायची, मगच पुढचा वाख आकड्याला लागायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. आपल्या छातीवर काय लिहिलंय हे त्याला लेक सांगेपर्यंत कळायचं नाही.

एकदा पाट्यांचा क्रम चुकला.

"बाबा, पितो पाणी बैल झालं. उलटं झालं."

"मी उलटाच चालतो की," दोरवाला म्हणाला. भिंगरी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. छपरीमागे वाख विंचरणारी आई थोडा वेळ थांबली आणि पुन्हा विंचरू लागली.

एकदा पहिलीच पाटी 'म्हैस' अशी निघाली. नावाडी नेमका तेव्हाच आला. थोडंफार वाचता यायचं त्याला.

"हे बरोबर लिहिलंय बघ," तो म्हणाला.

"काय लिहिलंय?"

"तुझं नाव."

वाख अजून आकड्याला लागला नव्हता. भिंगरीने पाटीवरची नजर न काढता सांगितलं, "म्हैस आहे, बाबा. पण ती नावेत बसून चाललीय. पुढच्या दोन पाट्यांत येईल." खरं तर पुढच्या पाट्यांवर 'चारा' आणि 'खाते' होतं, आणि नावेचा काही संबंध नव्हता. पोरीने ते मनाने रचलं होतं.

मग बाई पाट्यांवर शब्दच लिहीनाशा झाल्या. नुसतं 'कोण?', 'कुठे?', 'काय करतं?' असं लिहून पाठवू लागल्या. उत्तर भिंगरीने शोधायचं. संध्याकाळी ती म्हातारीच्या बाजेवर बसून वाक्यं म्हणून दाखवायची आणि म्हातारी न्यायनिवाडा करायची.

"आजी बाजेवर झोपते."

"खोटं आहे. मी पडते नुसती. झोप कुठली लागायला, हात ठणकतो."

"आजी, वाक्य खरं असायला लागत नाही. पुरं असायला लागतं."

"असलं कसलं तुमचं शिक्षण," म्हातारी म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि खरंही असेल आणि पुरंही असेल, तर बाई जास्त गुण देतात का?"

भिंगरीला ते माहीत नव्हतं. ती बराच वेळ विचार करत बसली.

परीक्षेच्या सकाळी नावाडी धावतपळत आला. वरच्या अंगाला आभाळ आलं होतं, नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. त्याच्या दोराचे तिन्ही लांब पेड तयार होते. आता ते एकत्र पिळून दोर घालायचा तेवढा बाकी होता, आणि त्याला कोरडी हवा लागते. ओल्या हवेत घातलेला दोर वाळला की सैल पडतो.

"आत्ताच्या आत्ता घे," नावाडी म्हणाला. "हवा कोरडी आहे तोवर."

"चाकवाली शाळेत चाललीय."

"म्हणजे?"

"परीक्षा आहे. दुपारी घालू."

"आणि दुपारी हवा ओली झाली तर?"

"तर तुझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वळीन."

बायको म्हणाली, "मी उभी राहते चाकावर." पण दोर घालताना तीन पेडांच्या मध्ये खाचांचा लाकडी गड्डा धरून चालायला माणूस लागतं आणि ते काम तिचं होतं. दोरवाल्याने नकारार्थी मान हलवली. भिंगरीचे केस आईने ओढून बांधले. भिंगरी दारात घुटमळली, चाकाकडे बघत राहिली.

"जा," दोरवाला म्हणाला.

ती गेली. तो ताणलेल्या पेडांशेजारी रस्त्याकडे तोंड करून बसला. हाताला काम नसलेला दोरवाला गावाने क्वचितच पाहिला होता. नावाडी येरझारा घालत होता आणि दर थोड्या वेळाने हात वर करून हवा चाचपत होता.

शाळेत पोरं पाट्यांवर ओणवी झाली होती. भिंगरीची पाटी कोरी होती. बाई समोरून गेल्या, परत आल्या, कोरीच. आज परीक्षेत त्यांना काही सांगता येत नव्हतं. त्यांनी दातांखाली ओठ धरला. शेजारचं पोर तिसऱ्या वाक्याला पोचलं. भिंगरी उठली.

"बाई, दाराकडे तोंड करून बसू?"

"बस."

ती फिरून बसली. दारातून पायवाट दिसत होती, लांब जाऊन बारीक झालेली. तिचा उजवा हात मांडीजवळ हळूहळू गोल फिरू लागला, चाकाची मूठ धरल्यासारखा. बराच वेळ तो तसाच फिरत होता. मग तिने पेन्सिल उचलली.

हवा फिरली नाही. दुपारी दोर घातला गेला. भिंगरी चाकावर, आई गड्डा धरून मध्ये, दोरवाला पलीकडच्या टोकाला. तीन पेड एकमेकांत गुंतत, कचकचत आले. गड्ड्यामागून दोर निघत होता, मनगटाएवढा जाड, पिवळाधमक. नावाडी या वेळी दगडावर गुपचूप बसून होता. म्हातारीही बाज ओढून घेऊन आली होती.

शाळा सुटून बाई आल्या तेव्हा दोर पुरा होत आला होता. पण अजून तो आकड्यावर होता, ताणलेला. बाई लांबच उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दोरवाल्याने ते पाहिलं. आपल्याकडचं टोक खुंटाला बांधून तो दोराच्या कडेकडेने, हाताने पीळ चाचपत चाकापर्यंत चालत आला. भिंगरीने मूठ तशीच गच्च धरलेली होती.

"थांब," तो म्हणाला. चाक थांबलं. मग तो बाईंकडे वळला. "बोला आता. लिहिलं का तिनं?"

"तिलाच विचारा," बाई म्हणाल्या.

भिंगरीने बापाकडे बघितलं. मूठ न सोडता, समोर वाटेकडे नजर ठेवून, शाळेत म्हणतात तसं एकेक वाक्य तिने म्हटलं.

"माझे बाबा दोर वळतात. ते उलटे चालतात. त्यांना मागचं दिसत नाही. त्यांना मी दिसते. मी चाक सोडत नाही."

छपरीचा पत्रा वाऱ्याने वाजला. नावाडी उठून उगाच दोराचं टोक बघायला लांब गेला. म्हातारीने चांगल्या हाताने नाक पुसलं.

"तिसरीत," बाई हळूच म्हणाल्या. "ती तिसरीत गेली, दादा."

दोरवाला लेकीच्या मुठीवरच्या बोटांकडे बघत होता. बोटं लहान होती, आणि अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडायला सुरुवात झाली होती. म्हातारीच्या हाताला होता तसाच, त्याच जागी. दोरवाल्याने आपल्या बोटाने तो घट्टा चाचपला. बायको गड्डा खाली ठेवून चाकापाशी आली होती आणि तिने पदर कमरेला खोचला होता.

"वाख पहाटे उठून विंचरू," ती नवऱ्याला म्हणाली. "दिवसा मी आहे इथं. दोर घालायचा तेवढा सुट्टीच्या दिवशी घालू." आणि तिने मूठ लेकीच्या हाताच्या वर धरली.

"सोड," दोरवाला म्हणाला.

भिंगरीला कळलं नाही. दोर तर अजून आकड्यावरच होता, आणि तो काढल्याशिवाय बाबा कधी सोड म्हणत नसत.

"सोड म्हणतो ना."

"कोण सोड? काय सोड?" म्हातारी बाजेवरून म्हणाली. "नीट बोल की रे. बाई समोर उभ्या आहेत."

दोरवाल्याने बाईंकडे बघितलं, मग लेकीकडे. त्याने अंगावरचा वाख झटकला आणि एकेक शब्द नीट जागेवर ठेवत, सावकाश म्हणाला, "भिंगरी आता रोज शाळेत जाईल."